खालची बिजागरी

“काका, अजून वाजतोय.”

गायत्री सिस्टर हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर ‘वर बघा, खाली बघा’ म्हणणाऱ्या बाईचा जो एक सपाट सूर होऊन जातो, त्या सुरात म्हणाली आणि औषधाच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन तिथेच थांबली. योगराजनं दार पुन्हा पूर्ण उघडलं आणि सोडून दिलं. जड लाकडी दार, मध्ये काचेची उभी पट्टी, वरती क्लोजर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांना तासभर जिथे बसवतात त्या खोलीचं. दार आपल्या आपण आलं, चौकटीपाशी जरा अडखळलं आणि बसलं. वरची बिजागरी त्यानं नुकतीच बदलली होती, मागे पत्र्याची पट्टी देऊन दाराचा झोल काढला होता, तिन्ही बिजागऱ्यांना तेल सोडलं होतं. त्याच्या हिशेबी काम झालं होतं. पिशवीची चेनसुद्धा अर्धी ओढून झाली होती.

“काय वाजतोय?” त्यानं विचारलं.

“हे काय. आत्ता.”

त्यानं पुन्हा दार उघडलं. या वेळी त्यानं दाराकडे न बघता तिच्याकडे बघितलं. दार निम्म्यावर आलं तेव्हा तिचे डोळे बारीक झाले, आंबट चिंच दाताखाली आल्यासारखे, आणि दार लागल्यावर पुन्हा मोकळे झाले. म्हणजे तिथे काहीतरी होतं. दाराच्या त्या निम्म्या वाटेवर एक आवाज होता आणि तो त्याला सोडून सगळ्यांना ऐकू जात होता. त्याला पंखा ऐकू येत होता. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न ऐकू आला. दार लागतानाचा धप्प आवाज आला. तेवढंच. बाकड्यावर एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसलेली म्हातारी, फाईलवर तिचं नाव अंजनाबाई लिहिलं होतं, ती म्हणाली, “वाजतं रे भाऊ. सकाळधरून वाजतंय. डोळा बांधलाय, दुसरं काही करायला नाही, मी तेवढंच ऐकत बसलेय.”

आणि मग योगराज जे बोलला ते त्याच्या तोंडून एकवीस वर्षांच्या धंद्यात निघालं नव्हतं. “नवा मिजागरा आहे ताई,” तो म्हणाला, “बसायला दोन दिवस घेतो. मग आपोआप थांबेल.” सुरतेत बिजागरीला मिजागराच म्हणतात, गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्याही तोंडी तोच शब्द यायचा. पण नवा मिजागरा बसायला दोन दिवस घेतो ही शुद्ध थाप होती. ज्याला काम येत नाही तो मिस्त्री ही थाप मारतो. नवी बिजागरी वाजत नाही, आणि वाजली तर ती आपोआप कधी थांबत नाही. गायत्री सिस्टर “बरं” म्हणाली आणि गेली. तिनं विश्वास ठेवला, याचाच त्याला जास्त राग आला.

जिना उतरताना त्याला वाटलं, कानात मळ असेल. हा विचार इतका साधा आणि सोयीचा होता की दुसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत तो अगदी हलका होऊन उतरला. पार्किंगमध्ये मोपेडच्या आरशात बघत त्यानं करंगळी कानात घालून हलवली. मग मोपेड सुरू केली, उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि तसाच थांबून राहिला. नवीन घेतली तेव्हा इंडिकेटर दिला की ही मोपेड टुक टुक करायची. सुषमा मागे बसली की म्हणायची, बंद करा ते, वळून कधीचं झालं. आता इंडिकेटरचा पिवळा दिवा लागत होता, विझत होता, आणि आवाज काही नव्हता. हे कधी बंद पडलं? त्यानं वॉचमनला हाक मारून विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. काय विचारणार होता? माझी गाडी वाजतेय का?

मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे लावून रस्ता निम्मा केलेला. रिक्षा, टेम्पो, साड्यांच्या गाठी लादलेल्या हातगाड्या, सगळं एकमेकांत घुसत चाललेलं. एरवी या गर्दीतून जाताना योगराजचा एक खेळ असायचा. दुकानांची दारं उघडमीट होत असतात, त्यातलं कोणतं दार आजारी आहे ते रस्त्यावरून ओळखायचं. त्या औषधवाल्याचं, त्या क्लासवाल्याचं, त्या बँकेच्या एटीएमचं. सुषमाला तो हे फुशारकीनं सांगायचा, आणि ती म्हणायची, तुम्हाला माणसांपेक्षा दारंच जास्त ओळखतात. आज तो कान देऊन चालला आणि त्याच्या लक्षात आलं, हा खेळ आपण किती दिवसांत खेळलेलोच नाही. खेळ विसरलो, की दारं मुकी झाली? माणूस एखादी गोष्ट सोडतो ती ठरवून सोडतो असं त्याला आजवर वाटायचं. ती हातातून निघून जाते आणि आपल्याला वाटत राहतं की आपणच खाली ठेवली, हे त्याला नवीन होतं आणि अजिबात आवडलं नाही.

रिंग रोडवरच्या कापड मार्केटात कुंदनभाईंच्या दुकानाचं काम दुपारी ठरलेलं होतं. काचेचं दार, जमिनीत गाडलेल्या मशीनवर फिरणारं. अशा दाराला कानाचं काम नसतं. पाय दुमडून जमिनीशी बसायचं, झाकण काढायचं, मशीनमधलं तेल गळतंय का बघायचं आणि दाराला हलकेच लोटून तळव्याला त्याचा जोर मोजायचा. योगराजच्या हातांनी ते काम वीस मिनिटांत केलं, आणि त्या वीस मिनिटांत तो सुखी होता. मग मान वर केली तर कुंदनभाई त्याच्याकडे बघत होते, गादीवर बसलेली दोन गिऱ्हाइकंही बघत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर प्रश्न विचारून उत्तर न मिळालेल्या माणसांचा भाव होता.

“क्यारनो बोलावुं छुं, योगराजभाई,” कधीचे हाका मारत असलेले कुंदनभाई हसत म्हणाले. “चा पीशो के नहीं? ध्यान क्यां छे तमारुं?”

“काम में था, सेठ,” योगराज म्हणाला.

गिऱ्हाइकंही हसली. कामात बुडालेला कारागीर, याचं सगळ्यांना कौतुकच असतं. पण योगराजला त्या हसण्यात सामील होता आलं नाही, कारण ही सबब त्यानं शोधली नव्हती. ती तयार होती. जिभेवर ठेवलेली होती. म्हणजे ती त्यानं आधीही वापरली होती, किती वेळा ते देव जाणे. तो चहा प्याला. कप बशीवर ठेवताना त्यानं मुद्दाम जोरात ठेवला, आवाज आला तेव्हा बरं वाटलं. मग साडीच्या गठ्ठ्याला गुंडाळलेला प्लास्टिकचा कागद एका पोरीनं सोडायला घेतला. तो कागद तिच्या बोटांत चुरगळत होता, चमकत होता, आणि त्याला आवाज नव्हता.

त्याला आबा आठवले. आठवले असं म्हणणंही खोटंच, कारण सकाळपासून तो आबांनाच तर चुकवत चालला होता. त्याचे वडील सुकलाल, पारोळ्याकडच्या गावातून एका पत्र्याच्या पेटीनिशी सुरतेत लिंबायतला आले आणि चौतीस वर्षं लूमच्या खात्यात उभे राहिले. खातं म्हणजे एका पत्र्याखाली साठ माग, आणि साठ मागांचा तो खटाखट आवाज, जो दोन गल्ल्या सोडूनही छातीत वाजायचा. आत कुणी कुणाशी बोलत नसे. बोलायचे ते ओठांनी. भाकरी आणली का, सूत संपलं, शेठ आला, सगळं ओठ हलवून. आबा पन्नाशीला आले तेव्हा ठार बहिरे झाले होते, आणि घरात ओरडून बोलायचे, कारण स्वतःचा आवाज तरी त्यांना कुठे ऐकू येत होता. दहावीतल्या योगराजला त्या ओरडण्याची लाज वाटायची. मित्र आले की तो दार लावून घ्यायचा. आबा भाजीवाल्याशी काही भलतंच बोलून बसले की गल्ली हसायची, आणि योगराजही हसायचा, गल्लीपेक्षा थोडा जास्त, आपण त्यांच्यातले नाही हे दाखवायला.

सोळाव्या वर्षी तोही खात्यात लागला, दुसरं होतं काय. सहा वर्षं काढली. पाळी संपवून बाहेर आलं की जग कापूस घातल्यासारखं लागायचं, मग रात्रीतून कान पुन्हा उघडायचे. एका सकाळी ते उघडले नाहीत. आठ दिवस आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता. नवव्या दिवशी उघडले, आणि त्याच दिवशी त्यानं खातं सोडलं. आबांनी विचारलं कशासाठी, तर त्यांच्या तोंडासमोर उभं राहून, ओठ अगदी स्वच्छ हलवत, घरच्या बोलीत तो म्हणाला होता, माले तुमनासारखं व्हवानं नही. आबांनी मान डोलावली होती. रागावले नाहीत. योगराजला ते न रागावणंच पुढे कितीतरी वर्षं बोचत राहिलं, आणि ते बोचतंय हेही त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग पांडुरंग मिस्त्री भेटले. नवसारी बाजारात दारं बसवायचे, स्वभावानं तिरसट आणि हातानं देवमाणूस. त्यांनी योगराजला रंधा नाही दिला, करवत नाही दिली, आधी एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, दिला आणि म्हणाले, टोक बिजागरीवर ठेव, मूठ कानाला लाव, दार कुणाकडून तरी हलवून घे. पेचकसातून दाराचं सगळं पोट ऐकू यायचं. खीळ झिजली असेल तर एक आवाज, गंज असेल तर दुसरा, स्क्रू भोकात ढिला असेल तर तिसरा. ते पहिलं दार त्याला अजून आठवत होतं. एका शाळेच्या ऑफिसचं. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मिस्त्री म्हणाले होते, रडतोस काय, तेल घाल. ज्या कानांसाठी त्यानं खातं सोडलं त्या कानांवरच त्याचं पोट उभं राहिलं. दवाखाने, बँका, कोचिंग क्लासेस, जिथे शांतता लागते अशा जागी त्याला बोलवायचे. दार अडकतंय तर कुणीही सुतार चालतो. दाराचा आवाज घालवायचाय तर योगराज.

मार्केटच्या मागच्या जिन्यापाशी कुणी नाही असं बघून त्यानं पिशवीतून तो पेचकस काढला. जिन्याच्या लोखंडी दाराच्या बिजागरीवर टोक ठेवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि दुसऱ्या हातानं दार ओढलं. गडगड आली. जाड, खालची, दळण दळल्यासारखी. तिच्यावर जो दुसरा थर असायचा, बारीक, सुईच्या टोकाचा, ज्याच्यावरून आजार ओळखायचा, तो नव्हता. त्यानं डावा कान लावला. मग पुन्हा उजवा. एक हमाल गाठ घेऊन आला, कानाला पेचकस लावून दार हलवणाऱ्या या माणसाकडे बघत बाजूनं निघून गेला. सहा वर्षं. खात्यातली ती सहा वर्षं कुठे गेली नव्हती तर. ती कानात बसून राहिली होती, पंचवीस वर्षं, आणि आता वयाचा हात धरून बाहेर आली होती. आपण वेळेवर पळालो, या एका गोष्टीवर तो उभा होता, आणि ती गोष्टच खोटी निघाली होती. त्याला हमालाला शिव्या द्याव्याशा वाटल्या. कशाबद्दल, ते सांगता आलं नसतं.

पुढची दोन कामं त्यानं फोन करून उद्यावर ढकलली आणि उगाच उधन्यापर्यंत जाऊन परत आला. दिवेलागणीला डिंडोलीला घरी पोचला तेव्हा आबा दारातल्या खुर्चीत बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत. सुषमा ओट्याशी भाकरी थापत होती. तो हातपाय धुऊन बसतो न बसतो तोच फोन हातात थरथरला. गायत्री सिस्टरचा मेसेज होता. ‘काका हे बघा, डॉक्टर पण बोलले आज.’ आणि खाली आवाजाची एक फीत. बावीस सेकंदांची. त्यानं ती लावली. पंख्याची घरघर आली, चपलांचे आवाज, दूरवर कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं, शेवटी धप्प. त्यानं आवाज पूर्ण वाढवून पुन्हा लावली. पुन्हा तेच. पंखा, चपला, धप्प. तिसऱ्यांदा तो फोन कानाला चिकटवून बसला, डोळे मिटून, श्वास धरून, आणि त्या बावीस सेकंदांत कुठेतरी असलेल्या त्या एका गोष्टीला मनातल्या मनात अक्षरशः हात जोडले, की ये बाबा, एकदा ये.

डोळे उघडले तेव्हा सुषमा समोर उभी होती, पिठाचे हात कानांपाशी धरून. “काय लायेल शे हाई? बंद करा ना. दात शिवशिवतस.”

“काय वाजस?” तो म्हणाला. आपण हे विचारायला नको होतं हे विचारतानाच कळलं.

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं नाही. तेच त्याला लागलं. आश्चर्य यायला हवं होतं. तेवढ्यात दारातून आबांचा आवाज आला, नेहमीसारखा, गल्लीला ऐकू जाईल असा.

“त्याले आयकू येत नही, सुषमा. सहा महिना व्हयनात. तो तोंडं देखस.”

कुकरची वाफ, बाहेरच्या पोरांचा दंगा, सगळं जागच्या जागी होतं, आणि घरातला ठार बहिरा माणूस सांगत होता की दुसऱ्याला ऐकू येत नाही. योगराजला हसू यायला हवं होतं. तो चिडला. सुषमावर चिडला, कारण आबांवर चिडून उपयोग नव्हता. तुलाही माहीत होतं? तर ती खाली बघत म्हणाली, “तुम्हले राग ई म्हणीसन बोलनू नही.” मग मान वर करून, त्याच्या समोर येऊन, जरा मोठ्यानं तेच पुन्हा म्हणाली, आणि त्याला उमगलं की ती कितीतरी दिवस अशीच बोलतेय. आधी समोर येते, मग बोलते. त्याला वाटत होतं, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बायको जवळ येऊन बोलते, आपलं बरं चाललंय. घरातल्या घरात त्याच्यासाठी सगळी मांडामांड बदलली होती आणि त्यालाच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

“मशीन भेटस कानले लावाले,” सुषमा म्हणाली. “तपासी त ल्या.”

“माले काही व्हयेल नही,” तो म्हणाला. “उद्या त्या बाईला सांगतो, दोन दिवस थांब म्हणून. नाहीतर दारच बदला म्हणतो. जुनं झालंय दार.”

आबा त्याचं तोंड बघत होते. सगळं वाचत होते. त्यांनी खुर्ची ओढली, त्याच्या समोर आणून ठेवली आणि बसले. आणि मग जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. इतकं हळू की योगराजला त्यांच्या ओठांकडेच बघावं लागलं.

“मीबी असंच सांगं,” ते म्हणाले. “दोन साल. माले काही व्हयेल नही. कोनी हाक मारी का मी मान हालाडू. आयकू उनं अशी.”

मग त्यांनी भगवंतचं नाव काढलं. भगवंतकाका त्याला ठाऊक होते. आबांच्या शेजारच्या मागावरचे, उजव्या हाताची तीन बोटं गेलेले, मग खातं सोडून भाजीची गाडी लावणारे. बोटं मागात गेली, लाईट अचानक आली, असं सगळे म्हणायचे. आबांनी आता जे सांगितलं ते थांबत थांबत सांगितलं, भिंतीकडे बघत. लाईट गेली होती, खातं गप्प होतं. तेवढ्या वेळात भगवंत अडकलेलं सूत काढायला मागात हात घालून बसला आणि आबांच्या पाठीमागून म्हणाला, चालू करू नको, हात आत आहे. साठ माग बंद. बरा कान असता तर कुजबुजसुद्धा ऐकू आली असती. आबांची पाठ होती. ओठ दिसले नाहीत, काहीतरी बोलला एवढं जाणवलं, आणि त्यांनी सवयीनं मान डोलावली. भगवंतला वाटलं, ऐकलं. लाईट आली, आबांनी दोन्ही मागांचं बटण दाबलं.

“तो कधी बोलना नही कोनले,” आबा म्हणाले. “माले आयकू येत नही हाई त्याले तवय समजनं. मन्ही नोकरी जाई म्हणीसन त्यानी लाईटनं नाव लिधं.” आणि जरा थांबून, “मी एक डाव सांगी टाकतू तं त्याना हात राहता.”

नंतर ते उठले आणि खुर्ची पुन्हा दारात नेऊन बसले. योगराज जेवला. काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. त्याला आबांची दया येत नव्हती, राग येत नव्हता, त्याला भीती वाटत होती. तशी मान त्यानं स्वतः किती वेळा डोलावली होती. कुंदनभाईंसमोर मान नव्हती तर सबब होती. कालही कुठेतरी. परवा एका बँकेत त्यानं तळाचे स्क्रू काढून दार नुसतं टेकवून ठेवलं होतं आणि मागून कुणीतरी काही विचारलं होतं, आणि त्यानं मान डोलावली होती. काय विचारलं असेल? हात लावू का? जाऊ का यातून? दार पडलं नव्हतं, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येत होतं, आणि ते काही त्याच्या कर्तबगारीनं नव्हे.

सकाळी दवाखाना उघडताच तो पोचला. फरशी नुकतीच पुसली होती, फिनेलचा वास नाकात जात होता. गायत्री सिस्टर फायली लावत होती. रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली होती, दोनतीन चांगली होती, ती सगळी तिथे उपयोगाला आली नाहीत.

“सिस्टर, काल मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “दोन दिवसांत वगैरे काही थांबत नाही. मला तो आवाज ऐकूच येत नाही. बारीक आवाज माझ्या कानातून गेलेत. तुम्हाला दुसरा मिस्त्री बोलवायचा तर बोलवा. नाहीतर कुठून वाजतंय ते तुम्ही मला सांगा, मी काढतो.”

ती गोंधळली. समोरच्या माणसानं एकदम कपडे काढावेत तसं तिनं क्षणभर बाजूला बघितलं. मग टेबलामागून बाहेर आली. “असं कसं काका, तुम्हीच करा,” असं काहीतरी म्हणाली, आणि दारापाशी येऊन त्यानं हलवलेलं दार ऐकू लागली. “खालून येतोय,” ती म्हणाली. “अगदी खालून.”

खालून. योगराज गुडघ्यांवर बसला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. दार झोललं की वरची बिजागरी, हे कुणीही सांगेल, आणि कान नसल्यामुळे त्यानंही ‘कुणीही’सारखंच केलं होतं. ही दवाखान्याची फरशी. दिवसातून तीनदा फिनेलच्या पाण्यानं पुसणार, पोतेरं दाराच्या तळाशी आपटणार. खालच्या बिजागरीची खीळ त्यानं ठोकून वर काढली तेव्हा ती गंजून निम्मी झाली होती, तांबडी भुकटी त्याच्या बोटांना लागली. त्यानं ती बिजागरी काढली, पितळी वायसरची नवी लावली, जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून भरली आणि नवे स्क्रू आवळले. पाऊण तास गेला. बाकड्यावर तीन पेशंट येऊन बसले. त्यानं दार उघडून सोडलं आणि वर बघितलं.

“गेला, काका. मस्त झालं,” सिस्टर म्हणाली.

दार अजून अर्ध्यावरच होतं. तिचे ओठ दार लागायच्या आधीच हलले होते, आणि ती दाराकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तशी. तोंडं बघायची सवय लागलेल्या माणसापासून हे लपत नाही. योगराज उठला नाही.

“मला बरं वाटावं म्हणून नका सांगू,” तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता, त्याच्या लक्षात आलं नाही, पेशंटांच्या आलं. “डोळे मिटा. मी दार हलवतो, माझी पाठ राहील तुमच्याकडे. जिथे वाजेल तिथे माझ्या खांद्यावर हात ठेवा. बोलू नका.”

तिला हसू आलं, पण तिनं डोळे मिटले. त्यानं पाठ केली आणि दार सावकाश ओढलं. पाव आलं, निम्मं आलं, आणि अगदी चौकटीपाशी त्याच्या खांद्यावर हात टेकला. त्या हातानं त्याला इतकं बरं वाटलं की तो क्षणभर तसाच बसून राहिला. मग मधला स्क्रू अर्धा फेरा ढिला केला, बिजागरीमागे पुठ्ठ्याची एक पातळ पट्टी सरकवली, आवळलं आणि दार हलवलं. हात पुन्हा टेकला, या वेळी थोडा उशिरा, थोडा हलका. पट्टी त्यानं बोटभर खाली घेतली. पुन्हा ओढलं.

पाव. निम्मं. चौकट. दार बसलं. खांद्यावर काही नव्हतं. त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. काही नाही. तिसऱ्यांदा त्यानं दार अगदी मुंगीच्या पायानं आणलं, खांदा ताठ धरून, श्वास धरून. हात आला नाही. गेली असेल फोन घ्यायला, त्याला वाटलं, कंटाळली असेल, आणि त्यानं चटकन मागे वळून बघितलं. गायत्री सिस्टर तिथेच होती. डोळे घट्ट मिटलेले, मान एका बाजूला कललेली, आणि हात त्याच्या खांद्यापासून वितीच्या अंतरावर तसाच धरलेला.